भालेकर मैदानावर नव्हता

गडचिरोली-धानोरा रस्त्यावर कॅम्प टाकायचा हुकूम आमच्या प्लाटूनला जानेवारीत मिळाला. ही पन्नाशीच्या दशकातली गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा अखंड होता आणि गडचिरोली हे त्यातलं तहसिलीचं गाव. त्यापलीकडची, पार भामरागडपर्यंतची गावं पावसाळ्यात तुटायची, म्हणून नाल्यांवर पूल बांधायचे होते. आम्ही इंजिनिअर, म्हणजे सॅपर. आमच्या वाट्याला आलेला पूल जूनच्या आत उभा करायचा होता. कॅम्पात सगळी मिळून तीस माणसं. वर सुभेदार साहेब. मी नाईक, आणि ड्यूटीचा रोस्टर लिहिणं माझ्याकडे.

मी याच जिल्ह्यातला, सिंदेवाहीकडचा. घरची धानाची शेती. प्लाटूनमधले बाकीचे बहुतेक सातारा, सांगली, नगरकडचे. त्यांना इथलं जंगल नवं होतं, मला नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्यात मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दुसरी गोष्ट, माझा स्वभाव संशयी. कुलूप लावल्यावर मी ते दोनदा ओढून बघतो. बायको म्हणते, तुम्ही देवाच्या पाया पडतानाही एक डोळा चपलांवर ठेवता. फौजेत हा स्वभाव चालतो, किंबहुना त्याचं कौतुक होतं. स्टोअर माझ्या ताब्यात असताना एक खिळाही हरवला नाही, हे मी त्या काळी छाती काढून सांगत असे.

रोजचं काम ठरलेलं. साडेपाचला उठणं, सहाला पीटी, सात ते बारा पुलावर, जेवण, आराम, तीन ते पाच पुन्हा पुलावर. पाचनंतर फुटबॉल. कॅम्पच्या एका टोकाला जिलेटिनची झोपडी होती, खडक फोडायला लागायचं ते स्फोटक. तिच्यापासून शंभर पावलांवर गवती छपराखाली पेट्रोलचे आठ बॅरल. या दोन्हींवर दिवसरात्र एक-एक संत्री, आणि मदतीला दोन, असे चार जण गार्डवर असावेत असा स्टँडिंग ऑर्डर होता. कॅम्पच्या भोवती दहा फूट रुंदीची जाळरेषा काढलेली होती. जाळरेषा म्हणजे पालापाचोळा, गवत काढून टाकलेला मोकळा पट्टा, वणवा आला तर तिथे थांबावा म्हणून. ती रोज सकाळी सहा माणसं झाडून काढत.

शेजारी अर्ध्या मैलावर गोंडांची वस्ती होती. तिथला चैतू नैताम हा वयस्क माणूस आमच्याकडे येऊन-जाऊन असे. उन्हाळ्यात मोहाची फुलं गळतात. ती वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी जाळून जमीन साफ करतात. माझ्या आजीनेही जन्मभर हेच केलं. मार्चमध्ये वस्तीने कॅम्पच्या बाजूची झाडं साफ केली तेव्हा चैतूभाऊ आदल्या दिवशी येऊन सांगून गेला होता. सुभेदार साहेबांनी दहा माणसं हिरव्या फांद्या देऊन जाळरेषेवर उभी केली. आग रेषेपर्यंत आली, झोडपली, विझली. चहाच्या आत सगळं आटोपलं.

आता फुटबॉलचं सांगतो. गडचिरोलीच्या काही हौशी मंडळींनी एक ढाल ठेवली होती. आठ टीम उतरल्या. एप्रिलमध्ये आम्ही फायनलला गेलो आणि समोर आली माजरीच्या कोळसा खाणीतल्या कामगारांची टीम. एकदा त्यांच्या मैदानावर दोस्तीच्या मॅचमध्ये त्यांनी आम्हाला तीन गोलांनी लोळवलं होतं. तरी फायनलच्या आठ दिवस आधी आमच्या कॅम्पात ढाल कुठे टांगायची यावर वाद सुरू झाला. सुतारकाम करणाऱ्याने सुभेदार साहेबांच्या तंबूत खुंटी ठोकूनही टाकली. माजरीवाले दिवसभर जमिनीखाली असतात, उजेडात त्यांना बॉल दिसणार नाही, असं एकाने म्हटलं आणि सगळ्यांनी ते खरं धरलं. तीन गोल त्यांनी भर दुपारी मारले होते, ते कुणालाच आठवलं नाही.

जिंकणारच अशी ज्यांची खात्री असते, तेच भीतीपोटी गंडेदोरे करतात, हे मी तेव्हा पाहिलं. कॅप्टन लान्स नाईक कदम याने सेमी फायनलपासून स्टॉकिंग धुतले नव्हते. त्याच्या तंबूतले इतर दोघे बाहेर झोपू लागले, पण धू म्हणायची हिंमत कुणाला होईना. सेमी फायनलच्या दिवशी लांगऱ्याने, म्हणजे फौजेतल्या स्वयंपाक्याने, चुकून डाळीत मीठ दुप्पट टाकलं होतं. आता फायनलच्या दिवशीही तसंच खारट वरण हवं असं ठरलं. आणि मोहिते. सॅपर मोहिते खेळत नसे. सेमीला तो टॉवेल डाव्या खांद्यावर टाकून समोरच्या गोलमागे उभा होता आणि दोन्ही गोल त्याच्या डोळ्यांदेखत झाले. तेव्हापासून मोहिते आमचा शकुन. त्याचा टॉवेल कुणी हलवायचा नाही.

शकुन आला की अपशकुनही आलाच. तो होता सॅपर गणपत भालेकर, पारनेरकडचा. वय बावीस, उंच, जरा वाकून चालणारा. कामाला वाघ होता, पण बोलणं कमी. तो मैदानावर आला की आपण हरतो, असं कुणीतरी म्हणालं. माजरीला तो होता आणि हरलो. त्याआधी एकदा होता आणि हरलो. एवढं पुरलं. लोक त्याला पांढऱ्या पायाचा म्हणू लागले, आधी मागे, मग तोंडावर. प्रॅक्टिसला तो काठावर बसला की कदम खेळ थांबवायचा आणि तो उठून जाईपर्यंत बॉलवर पाय ठेवून उभा राहायचा. भालेकर निमूट उठायचा. मला ते आवडत नव्हतं. पण मी काही बोललोही नाही, कारण आतून मलाही वाटू लागलं होतं की यात काहीतरी असेल.

फायनलच्या चार दिवस आधी प्रॅक्टिसच्या गोलपोस्टच्या बुडाशी माती उकरलेली दिसली. मी खणलं. आत शेंदूर लावलेलं लिंबू निघालं, टाचण्या टोचलेलं. कॅम्प हादरला. जिलेटिन हाताळणारी माणसं एका लिंबाभोवती चार हात लांब उभी राहिली. माजरीवाल्यांनी करणी केली, वस्तीतल्या कुणाला तरी हाताशी धरून लिंबू पुरलं, असं ठरायला पाच मिनिटं लागली. माझा संशय सगळ्यात पुढे. मी सुभेदार साहेबांकडे गेलो आणि वस्तीतल्या लोकांना कॅम्पभोवती बांधलेल्या दोरीच्या आत येऊ देऊ नये असा हुकूम काढून घेतला. रोज पानाच्या दोन्यात चारोळी घेऊन येणारा चैतूभाऊ त्या दिवशी दोरीवरून परत गेला. मी त्याला कारणही सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात जाळरेषा झाडणं बंद पडलं. ती सहा माणसं सकाळीही प्रॅक्टिसला हवी होती. चार दिवसांनी काय बिघडतं, असं हवालदार म्हणाला. मी रोस्टरमध्ये त्या जागी रेघ मारली.

फायनलच्या आदल्या दिवशी, दुपारी अडीचच्या सुमाराला चैतूभाऊ दोरीपाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही. मी गेलो. त्याने इकडे-तिकडे पाहिलं आणि विचारलं,

"उद्या सांजच्या पारी कॅम्पात किती माणसं राह्यतेत, नाईक भाऊ?"

माझे कान टवकारले. कॅम्पात किती माणसं आहेत हे बाहेरच्याला सांगायचं नाही, हे फौजेत पहिल्या दिवशी शिकवतात. शिवाय लिंबू डोक्यात होतं.

"काऊन पायजे तुमाले?" मी विचारलं.

"मालूम असाव म्हणून. जराक काम होतं."

"सगळेच राह्यतो. तीसच्या तीस."

"मंग बेस हाये," तो म्हणाला आणि निघून गेला. मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. कसला बेत आहे हा विचार करत मी स्टोअरला एक जादा कुलूप लावलं. काम काय आहे, एवढं विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्या दिवशी दोरीपाशी खोटं बोलला तो मी.

संध्याकाळी रोस्टर लिहायला बसलो. सुभेदार साहेब म्हणाले, उद्या गार्ड कमीत कमी ठेवा, पोरांना मॅच बघू द्या. मी चारऐवजी दोन लिहिले. लांगरी मागे राहणारच होता. दोघांत कोण, हा प्रश्न होता, तेवढ्यात भालेकर स्वतःच तंबूशी आला.

"नाईकसाब, मलाच ठेवा मागं. म्या आलो का काहीतरी व्हतं."

मी त्याला म्हणायला हवं होतं की हा मूर्खपणा आहे. मी म्हणालो, बरं. आणि त्याचं नाव लिहिलं. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही. दुसरं नाव पाळीने मोहितेचं येत होतं, ते लिहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराला खारट वरण खाऊन झालं. साडेबाराला दोन लॉऱ्या तयार. वायरलेसचा ऑपरेटर आमचा राइट बॅक होता, त्यामुळे सेट बंद करून तोही वर चढला. तेवढ्यात कदमने मोजदाद केली आणि मोहिते दिसेना. तो पेट्रोलवर गार्डला उभा आहे हे कळल्यावर कदम लॉरीतून खाली उतरला. मोहिते नसेल तर मी खेळत नाही, म्हणाला. बाकीचे मागून बोलू लागले. सुभेदार साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. बदली माणूस द्यायचा तर कुणीतरी खाली उतरायला हवं होतं. कुणी उतरलं नाही. मीही नाही. एका दुपारचा तर प्रश्न आहे, भालेकर दोन्हीकडे बघेल, असं मीच म्हणालो. खिशातला रोस्टर काढून मोहितेच्या नावावर पेन्सिलीने काट मारली. मोहिते टॉवेल घेऊन लॉरीत चढला. लॉरी वळताना भालेकर जिलेटिनच्या झोपडीपाशी रायफल घेऊन उभा दिसला. त्याने हात केला नाही. उलट तोंड फिरवून उभा राहिला. आपली नजर टीमवर पडू नये म्हणून, हे मला नंतर उमगलं.

गडचिरोलीत मॅच साडेचारला सुरू झाली. माजरीची टीम चांगली होती. त्यांना उजेडात बॉल नीट दिसत होता. विसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. आमच्याकडचे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागले, कुणाच्या डाव्या खांद्यावरून काय पडलं, कोण जागा सोडून बसलंय याची तपासणी सुरू झाली. हाफनंतर मोहिते त्यांच्या गोलमागे जाऊन उभा राहिला. कदमने एक मारला. शेवटच्या पाच मिनिटांत दुसरा. दोन-एक. साडेपाचनंतर दोन-चार मिनिटांनी शिट्टी वाजली. मोहितेला खांद्यावर घेऊन लोकांनी मैदानाला फेरा मारला. ढाल हातात आल्यावर कुणीतरी ओरडलं की इथून पुढे प्रत्येक मॅचला भालेकरला कॅम्पात कोंडून ठेवा. सगळे हसले. त्यात मीही हसलो.

परत येताना गडचिरोलीपासून चौदा मैलांवर पहिल्या लॉरीतलं गाणं थांबलं. समोर झाडांवर धूर होता. सव्वासातला आम्ही कॅम्पात पोचलो. अंधार पडत आला होता, पण धुमसत्या पाचोळ्याच्या उजेडात दिसत होतं.

काय घडलं ते लांगरी आणि चैतूभाऊ या दोघांकडून आणि जमिनीवरच्या खुणांवरून कळलं, ते असं. वारा पडल्यावर, चार वाजता वस्तीने मोहाखाली पुन्हा साचलेला पाचोळा पेटवला. पलीकडे तीस माणसं आहेत, मार्चसारखी रेषेवर उभी राहतील, या भरवशावर. साडेचारला उलटा वारा सुटला. आग कॅम्पकडे वळली. जाळरेषेवर चार दिवसांचा पाचोळा पडला होता, तिथे ती थांबली नाही. भालेकरने लांगऱ्याला वस्तीकडे पिटाळलं आणि एकट्याने आधी जिलेटिनच्या झोपडीभोवतीचा पाचोळा खरडून काढला. आग तिथून बाजूने गेली. मग ती पेट्रोलच्या छपराकडे निघाली. बॅरल पेटले असते तर झोपडी वाचली नसती, आणि झोपडी गेली असती तर धावत येणारी वस्तीतली माणसंही. त्याने ओलं पोतं पाठीवर घेतलं आणि एक-एक बॅरल उतारावरून नाल्याच्या वाळूत लोटला. सात बॅरल गेले. आठव्याच्या वेळी जळतं छप्पर अंगावर आलं. तरी आठवा बॅरल वाळूत होता. वस्तीतली वीस-पंचवीस माणसं, बाया धरून, फांद्या घेऊन पोचली तेव्हा तो वाळूत पडलेला होता. त्यांनी आग विझवली.

आम्ही गेलो तेव्हा चैतूभाऊने त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि पळसाच्या पानाच्या दोन्याने पाणी पाजत होता. जवळच्या गावातल्या डॉक्टरला आणायला सुभेदार साहेबांनी लॉरी पळवली, पण पाहिल्यावर कळत होतं. मी खाली बसलो. त्याने मला ओळखलं.

"मॅचचं काय झालं?"

"जिंकलो. दोन-एक."

त्याने थोडा वेळ डोळे मिटले. "मंग बराबर व्हतं," म्हणाला.

मी चैतूभाऊच्या हातातला दोना घेऊन त्याच्या ओठांना लावला. सात चाळीसला तो गेला. घड्याळ मी पाहिलं, सवयीने.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी झाली. मोहिते आजारी होता असं लिहावं, असं एकाने सुचवलं. सुभेदार साहेब नाही म्हणाले आणि स्वतःचा दोष स्वतः सांगितला. मीही सगळं सांगितलं, पेन्सिलीची काट आणि दोरीपाशी झालेलं बोलणं, दोन्ही. माझी नाईकाची फीत गेली, दीड वर्षाने परत मिळाली. ती परत मिळायला नको होती असं मला पुष्कळदा वाटलं आहे.

लिंबाचा उलगडाही त्याच आठवड्यात झाला. आमचा गोलकीपर रडत माझ्याकडे आला. लिंबू त्यानेच पुरलं होतं. आपल्या गोलमध्ये बॉल जाऊ नये म्हणून. आणि मी त्यापायी चैतूभाऊला दोरीबाहेर काढलं होतं.

मी वस्तीवर गेलो. चैतूभाऊ अंगणात मोह वाळत घालत होता. त्याने मला बसायला खाट टाकली. मग तो म्हणाला, "तुमी तीस सांगतले, नाईक भाऊ. एकच गडी हाये म्हणले असते, त मी त्या दिवशी आग लावूच देल्ली नसती." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

भालेकरचं सामान घरी पाठवायचं होतं. पेटीची यादी मी केली. त्यात कागदाच्या पुडीत एक नारळ निघाला. त्यावर कुणाकडून तरी नीट अक्षरात लिहून घेतलं होतं: फायनल जिंकल्यास चांद्याच्या महाकालीला. तो नारळ मी स्वतः नेऊन वाहिला.

त्यानंतर एकदा स्टोअर आवरताना प्लाटूनचं स्पोर्ट्‌स रजिस्टर हाताला लागलं. ते पहिल्यापासून माझ्याच ताब्यात होतं. प्रत्येक मॅचची तारीख, गोल, त्या दिवशी कोण ड्यूटीवर, कोण रजेवर, सगळं माझ्याच अक्षरात. मी खाली बसून रोस्टरशी ताडून पाहिलं. दोन वर्षांत आम्ही नऊ मॅच हरलो होतो. त्यातल्या सहा वेळा भालेकर मैदानावर नव्हता. दोनदा तर तो रजेवर पारनेरला होता. आणि जिंकलेल्या कितीतरी मॅचना तो काठावर बसलेला होता, कारण त्या वेळी कुणी त्याच्याकडे बघतच नव्हतं.

हे सगळं माझ्याच स्टोअरमध्ये होतं. कुलूप दोनदा ओढून बघणाऱ्या, लिंबासाठी माती उकरणाऱ्या माझ्यासारख्या माणसाने ही एक गोष्ट तपासली नाही. फायनलच्या आदल्या दिवशी दहा मिनिटं पानं उलटली असती, तर तंबूशी आलेल्या त्या पोराला मी ते दाखवू शकलो असतो. निदान वाळूत तरी सांगू शकलो असतो की बराबर नव्हतं, भालेकर, तुझ्यामुळे आपण कधीच हरलो नाही. आपण अपशकुनी आहोत हे तो खरं मानूनच गेला.

आता घरी नातवंडं टीव्हीवर क्रिकेट बघतात. मी उठलो की विकेट पडते असं त्यांनी एकदा ठरवलं आणि मला खुर्चीत बसवून ठेवू लागली. मुलंच ती, गंमत करतात. मी तेव्हा टीव्ही बंद केला आणि त्यांना ही हकिगत सांगितली. त्या दिवसापासून मी हवं तेव्हा उठतो.

स्टोअरमध्ये ते रजिस्टर सापडलं तेव्हा फायनलच्या ओळीपुढे शेरा लिहायची जागा कोरी होती. माझी फीत गेलेली होती, शेरा लिहायचा हक्क मला नव्हता. तरी मी शाईने लिहिलं: विजयी, दोन-एक. सॅपर भालेकर गणपत मैदानावर नव्हता. पेट्रोलचे आठही बॅरल शाबूत.